सतरा नंबरची बारा घरं

पेठ तालुक्यातल्या उंबरमाळ पाड्यावर फुलाबाईच्या पोटात मत्सर पेटला तो शिमग्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, डोक्यावरचं बोचकं अजून खाली ठेवायचं असतानाच. त्या आगीची धग एवढी, की म्हणतात, त्या वर्षी पाड्याच्या होळीला वेगळी काडी लावावी लागली नाही. फुलाबाई नुसती शेजारून गेली आणि लाकडं धडाडली. हे थोडं वाढवून सांगितलेलं असेल. पण तिच्या अंगणातल्या कोंबडीनं त्या आठवड्यात उकडलेली अंडी घातली, याला मात्र साक्षीदार आहेत, आणि त्यातले दोघं तर अजून जिवंत आहेत.

झालं होतं असं. फुलाबाई आणि तिचा नवरा रावजी दरसाल दिवाळी झाली की पिंपळगावकडं द्राक्षाच्या मळ्यात कामाला जायचे आणि शिमग्याला परतायचे. पाड्यातली आणखी दहा घरं त्यांच्यासारखीच. जाताना कुलूप कुणी लावत नसे, कारण कुलूप कुणाकडं नव्हतंच. दाराला बोरीची काटेरी फांदी आडवी लावायची, की झालं. फांदी दिसली की माणूस सोडा, कुत्रंसुद्धा त्या उंबऱ्याला नाक लावत नसे. फांदी म्हणजे घरधनी परगावी आणि घर देवाच्या हवाली. ती काढायची तीही घरधन्यानंच, दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

त्या चौऱ्याऐंशी सालच्या शिमग्याला फुलाबाई आली, फांदी काढायला वाकली, आणि वाकल्या वाकल्या तिची नजर शेजारच्या दारावर गेली. शेजारचं घर तिच्या धाकट्या जावेचं, भागीबाईचं. भागीबाईचा नवरा सोमा जंगलखात्याच्या रोपांना पाणी घालायच्या कामावर होता, म्हणून ती दोघं बाराही महिने पाड्यावरच. तर भागीबाईच्या दारावर गेरूनं एक गोल काढलेला, ताटाएवढा, आणि गोलात दोन खुणा. एक शेपटी वळवून बसलेल्या खारीसारखी, दुसरी उलट्या धरलेल्या विळ्यासारखी. फुलाबाईला वाचता येत नव्हतं. पण आपल्या दारावर नाही आणि जावेच्या दारावर आहे, एवढं वाचायला शाळा लागत नाही.

भागीबाई ओले हात पुसत सावकाश बाहेर आली. इतकी सावकाश, की तेवढ्यात एखाद्याची भात लावणी झाली असती. मग अगदी सहज, जणू भोपळ्याच्या वेलाबद्दल बोलतेय अशी, तिनं सांगितलं की नाशकाहून मोठ्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, त्यांचं मंडळ डोंगरातल्या बायांच्या रक्ताचा अभ्यास करतंय, त्यासाठी पाड्यातली थोडकीच घरं निवडली, आणि दर मंगळवारी आता जीप येते.

"तुझं नाय का निघालं नाव, बाई?" ती म्हणाली. "मला वाटलं, तू थोरली, तुझं आधी निघंल."

फुलाबाईनं बोचकं खाली ठेवलं. होळीची हकीकत वर आलीच आहे.

पुढं मंगळवार सुरू झाले. आधी ओढ्यापलीकडं धूळ उठायची, मग जीप दिसायची, मग जीपमधून भिकन साळवे उतरायचा. भिकन हा मंडळाचा तपासनीस. नाशकातल्या बौद्ध वसाहतीत वाढलेला, काटकुळा, जाड चष्म्याचा, आणि इतका नेमका माणूस की चहात साखर किती हेही तो वहीत लिहून मग ढवळायचा. तो निवडलेल्या घरी जाऊन ओट्यावर बसे आणि घरातल्या बाईला विचारी, काल सकाळी काय खाल्लं, दुपारी काय, सांजेला काय, भाकर केवढी, कालवण किती. बाई सांगेल ते सगळं तो लिहून घेई. महिन्यातून एकदा दंडातून रक्त काढून काचेच्या नळीत भरी, नळी बर्फाच्या पेटीत ठेवी, आणि पेटी जीपमध्ये पुढच्या गादीवर.

फुलाबाईला खुपलं ते हे. चाळीस वर्षांच्या आयुष्यात तिला काल काय खाल्लंस असं कुणी विचारलं नव्हतं. आईनं नाही, सासूनं तर नाहीच, आणि रावजीला स्वतः काय खाल्लं हेही आठवत नसे. शिवाय ती पेठच्या बाजाराला चालत गेलेली, पिंपळगावला ट्रकमध्ये कांद्याच्या गोण्यांसारखी उभी रचून गेलेली. जीपमध्ये ती कधी बसली नव्हती. आणि भागीचं बोटभर रक्त पुढच्या गादीवर बसून, वारा खात, नाशकाला जात होतं. मंडळाची प्रयोगशाळा इंदिरानगरच्या नव्या वसाहतीत होती. हे कळल्यापासून भागीबाई पाणवठ्यावर म्हणायची, "परवा माझं रक्त इंदिरानगरात होतं." रक्ताला तिथलं सासर मिळाल्यासारखं.

त्यात दोन्ही घरांच्या मध्ये फक्त एक कुडाची भिंत. कारवीच्या काड्या आणि वरून शेण. पलीकडं कुणी जांभई दिली तर अलीकडच्याला झोप यायची. मंगळवारी फुलाबाई कुडाला कान लावून बसे, आणि पलीकडून भागीचा आवाज येई. काल दुपारी मासे. सांजेला तुपात बुडवलेली भाकर. मधे भूक लागली म्हणून गुळाचा खडा, मुठीएवढा.

फुलाबाईला ठाऊक होतं की काल त्या घरात नागलीची भाकर आणि मिरचीचा ठेचा होता, आणि तोही सकाळीच. मासे शिजले असते तर वास कुडातून आला असता. पण खोटं बोलल्याचा तिला राग नव्हता. पाहुण्यापुढं आपल्या पोटाची लाज सांगायची नसते, हे उंबरमाळला पोरं चालायच्या आधी शिकतात. घरी आलेल्या माणसाला मी काल उपाशी होते असं सांगणं म्हणजे त्याच्यापुढं हात पसरणं. निवडलेल्या एकोणीसच्या एकोणीस घरांत हेच चाललं होतं. भिकनची वही पाहिली असती तर वाटलं असतं, पेठच्या डोंगरात रोज लग्न लागतं. फुलाबाईचं दुखणं वेगळंच होतं. भागीचं खोटं शाईनं लिहिलं जात होतं, आणि आपल्याला खोटं बोलायचीसुद्धा कुणी संधी देत नव्हतं.

तिनं प्रयत्न केला. चैत्रातल्या एका मंगळवारी पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन ती भिकनच्या वाटेत उभी राहिली आणि त्यानं विचारायची वाट न बघता सांगून टाकलं, की काल तिनं अख्खी कोंबडी खाल्ली, पायासकट. भिकननं करवंद घेतलं, चष्मा वर सरकवला आणि वाईट वाटल्यासारखं म्हणाला, "मावशी, तुमचं घर यादीत नाही."

"यादीत जायला काय लागतं, दादा?"

"नंबर लागतो. दारावर आहे ना, तो."

नेमका माणूस नेमकं बोलायला जातो आणि अनर्थ होतो, तो असा.

आता, साऱ्या पाड्यात लग्नाच्या भिंती रंगवाव्यात तर फुलाबाईनंच. तिनं काढलेल्या मोराला एकदा पाऊस आल्यावर ओरडताना ऐकलेलं आहे. त्याच दुपारी तिनं गेरू भिजवला, तांदळाचं पीठ कालवलं, भागीच्या दारासमोर डोळे बारीक करून उभी राहिली आणि खार अन् विळा डोळ्यांत भरून घेतले. मग आपल्या दारावर तसाच गोल काढला. पण भिकनसारखा घाईत ओढलेला नाही. गोलाभोवती ठिपक्यांची नक्षी, नक्षीवर चार पोपट, पोपटांवर झाड, आणि झाडाखाली एक जीप. जीपमध्ये पुढच्या गादीवर एक लहानशी बाटली, पदर घेतलेली.

सकाळी पहिली आली चतुराबाई. ती फुलाबाईबरोबर पिंपळगावच्या त्याच मळ्यात असायची. तिनं दार पाहिलं, खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि विचारलं की हे आमच्या दारावर का नाही. तिच्यामागं नवसाबाई आली, मग मैना आली. मळ्यातून परत आलेल्या एकूण एक घराच्या बाया आल्या. सगळ्यांना फुलाबाईसारखंच झालं होतं, फक्त तिच्याआधी कुणाला तोंड फुटलं नव्हतं. पाच दिवसांत फुलाबाईनं दहा दारं रंगवली. प्रत्येक दारावर तोच गोल, तीच खार, तोच विळा. पोपट मात्र दर घरी वेगळे, कारण एकसारखं काम करायला ती काही तपासनीस नव्हती.

भागीबाई त्या पाच दिवसांत आपल्या दारापुढं उभी राहून आपला तो पुसट, बिनपोपटाचा गोल बघायची आणि आत जायची. फुलाबाईला शिमग्यानंतर पहिल्यांदाच भाकर गोड लागली.

मंगळवारी भिकन ओढा ओलांडून आला. पाड्याच्या तोंडाशीच चतुराबाईचं घर. त्यानं दार वाचलं. सतरा. वही उघडून पाहिली, आणि पुढं गेला. सतरा. त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. सतरा. नवसाबाईच्या माठातलं पाणी मागून अर्धं प्यायला, अर्धं डोक्यावर ओतलं, आणि सावलीत बसून घेतलं. ऊन लागलेल्या माणसाला साप दिसतात, पाणी दिसतं. सतरा दिसलेला माणूस हा आधी झाला नव्हता आणि पुन्हा होणार नाही.

योग असा, की त्या दिवशी त्याच्याबरोबर खुद्द डॉक्टरीणबाई आल्या होत्या. गायधनी बाई. पांढरी साडी, पुरुषी चपला, आणि कमी बोलायची सवय. त्यांना वेगळंच कोडं पडलं होतं. वही म्हणत होती की उंबरमाळच्या बाया रोज मासे आणि तूप खातात, आणि नळ्यांतलं रक्त म्हणत होतं की या बायांनी वर्षानुवर्षं पोटभर पाहिलेलं नाही. वही खोटी की यंत्र खोटं, हे बघायला त्या आल्या होत्या. आणि बघतात तर सतरा नंबरची बारा घरं.

फुलाबाईच्या अंगणात पाडा जमला. भागीबाई पदर खोचून म्हणाली की खरी सतरा नंबर मी, बाकीच्या साऱ्या नकली, आणि या सगळ्यामागं कोण आहे ते पोपट बघितले की कळतं. फुलाबाई म्हणाली की हो, मीच काढले, आणि हिच्या दारावरच्यापेक्षा बरे काढले. गायधनी बाईंनी दोघींकडं पाहिलं आणि भिकनला विचारलं, सतरा नंबर दिला कसा होता, ते वाच.

भिकननं पौषातलं पान काढलं आणि वाचलं. वाघदेवाच्या थानापासून घरं मोजत यायची, दर तिसरं घर घ्यायचं. घर बंद असलं तर त्याऐवजी शेजारचं. सतरावी पाळी आली ती रावजीच्या घरावर. पुढं वाचताना त्याचा आवाज जरा बसला. "दाराला काटे. घर बंद. बदली, शेजारचं घर, सोमाचं."

अंगणातल्या साऱ्या माना फुलाबाईकडं वळल्या.

फुलाबाईला सगळा हिशोब कळला नाही, पण एवढं कळलं, आणि ते कळताच तिच्या डोळ्यांपुढून जीप गेली, बर्फाची पेटी गेली, सारे मंगळवार गेले. "म्हंजे सतरा माझा हाय," ती म्हणाली. "ही माझ्या जागी बसली."

"मी काय बसायला आले होते?" भागीबाई म्हणाली. "त्यानंच बसवलं. तू का नव्हतीस घरी?"

गायधनी बाईंनी हात वर केला. त्यांनी भिकनला विचारलं, पौषात बंद होती ती घरं किती. भिकननं वहीत बोट फिरवलं, मग अंगणातल्या बायांवर फिरवलं. अकरा. फुलाबाई धरून नेमकी तीच अकरा, ज्यांच्या दारावर पोपट होते. बाईंनी विचारलं, ही अकरा घरं पौषात होती कुठं?

"मळ्यात," फुलाबाई म्हणाली. "तुमच्या नाशकावरून तर जातो. तुम्ही आमच्या दारावरून गेल्या, बाई, अन् आम्ही तुमच्या दारावरून."

पाड्यातली सगळ्यात राबणारी, सगळ्यात दमणारी अकरा घरं, आणि तीच नेमकी अभ्यासातून गळली होती, कारण दाराला काटे होते. भिकन वहीकडं बघत हळूच म्हणाला, "माझे वडील म्हणायचे, ज्याचं यादीत नाव नाही त्याला दुखणंपण नसतं." मग चष्मा पुसत पुढं म्हणाला, "आणि यादी मीच केली."

बाईंनी फुलाबाईला जवळ बोलावून ओट्यावर बसवलं. खालची पापणी बोटानं ओढून पाहिली. आत तांबडं दिसायला हवं तिथं सोललेल्या भुईमुगासारखं पांढरं. त्यांनी वही घेतली आणि विचारलं, "काल काय खाल्लं?"

हा प्रश्न. शिमग्यापासून फुलाबाई या प्रश्नाची वाट बघत होती, आणि तिनं उत्तर तयार ठेवलं होतं. कोंबडी, तिच्याबरोबर मासे, वरून तूप, आणि तूप संपलं म्हणून शेवटी दूध. बाईंनी पेन टेकवलंच नाही.

"फुलाबाई, मला जेवणाची पंगत नको. तुमचं रक्त कुठं जातं ते शोधायचंय. खोटं लिहिलं तर औषधही खोट्या बाईलाच मिळेल, खऱ्या फुलाबाईला नाही."

फुलाबाई अडली. पाहुण्यापुढं पोटाची लाज कशी सांगायची? आपली सांगायला जीभ रेटेना. पण दुसरीची सांगायला काय जातं?

"हिनं मासे खाल्लेच नाहीत," तिनं भागीकडं हनुवटी उडवली. "वास नाही आला कधी. ठेचा असतो नुसता. अन् सांजेला तोपण नसतो."

भागीबाईचा चेहरा नागलीच्या पिठासारखा झाला. मग तिनं कुडाच्या भिंतीला दोन बाजू असतात हे दाखवून दिलं. "अन् तू माती खातीस. चुलीची भाजलेली. कमरेला खडा असतो तुझ्या, आतापण हाय. चावल्याचा आवाज येतो मला."

फुलाबाईला वाटलं, आता जमीन फाटावी. हे रावजीलाही ठाऊक नव्हतं. पण गायधनी बाई आणखी जवळ सरकल्या. त्यांचे डोळे असे चमकले की जणू फुलाबाईच्या कमरेला मातीचा खडा नाही, सोन्याचा आहे. माती? कधीपासून? रोज किती? भाजूनच का? मळ्यात असतानापण खाता? चक्कर येते का, जीव घाबरतो का? आणि त्या लिहायला लागल्या. अर्धं पान झालं, पाऊण झालं. उलटून पुढचं सुरू झालं.

भागीबाई वाकून पानाकडं बघत होती. मासे आणि तुपाला तीन महिन्यांत मिळून जेवढी शाई लागली नाही, तेवढी एका मातीच्या खड्याला लागत होती. तिला ते सोसलं नाही.

"मीपण खाते," ती म्हणाली.

"कधी?" फुलाबाई म्हणाली.

"तुला नाय ऐकू येत. मी चोखते."

तिथून बांध फुटला. चतुराबाईनं सांगितलं की ती भिंतीचा पोपडा खाते. नवसाबाई म्हणाली, मी राख खाते, आणि माझी आई पण खायची. मैना म्हणाली की मळ्यात दुपारची भाकर पोरांना देते आणि स्वतः पाणी पिते, महिना महिना. दुसरी म्हणाली, महिना काय घेऊन बसलीस. आजवर पाहुण्यापुढं ज्या बाया चढाओढीनं तूप वाढवत होत्या, त्याच आता चढाओढीनं कमी करत खाली निघाल्या, एकीचं एक वेळचं जेवण ऐकून दुसरी अर्ध्यावर येई. फरक एवढाच, की वर चढताना सगळं खोटं होतं आणि खाली उतरताना सगळं खरं. ऊन कलेपर्यंत भिकनची दोन पेनं संपली, आणि तिसऱ्यासाठी त्यानं ड्रायव्हरचा खिसा धुंडाळला.

रक्त द्यायच्या वेळी फुलाबाईनं दंड पुढं केला, पण दुसऱ्या हातानं बाईंचा पदर धरून ठेवला. तिनं सांगितलं, की भागीचं रक्त तीन महिने जातंय, त्यात काय निघालं ते अजून कुणी सांगायला आलं नाही. न्यायचं तर येऊन सांगायचं. नाहीतर कोंबडी चोरणारा पण गुपचूपच नेतो. गायधनी बाईंनी मान खाली घातली आणि मग हो म्हणाल्या.

आणि त्या आल्या. पंधरा दिवसांनी, मोहाच्या झाडाखाली बसल्या, एकेकीला जवळ बोलावून तिची तिला चिठ्ठी दिली आणि आकडा कानात सांगितला. दुसरीला कळू नये म्हणून. बाई शिकलेल्या होत्या, पण त्यांना जाऊ नव्हती. फुलाबाईनं आपला आकडा कानातून घेतला आणि उभी राहून साऱ्या पाड्याला ऐकवला. बारा असलं तर चांगलं म्हणायचं, आणि तिचं निघालं होतं सहा.

"तुझं किती, भागे?"

"साडेनऊ," भागीबाई पुटपुटली.

"साडेनऊ," फुलाबाई मायेनं म्हणाली. "असू दे."

बाईंनी परोपरीनं समजावलं की सहा ही मिरवायची गोष्ट नाही, सहावर माणूस मळ्यात उभ्याचं आडवं होतं. लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताचं औषध दिलं, माती सोड म्हणाल्या. फुलाबाईनं सगळं ऐकलं. रोज सकाळी ती अंगणात, भागीच्या दारासमोर उभी राहून, तोंड आभाळाकडं करून गोळी गिळायची. इतक्या आवाजात, की पेठच्या एस. टी. स्टँडवर लोक घड्याळं लावायचे. आणि हो, माती सुटली. चक्करही कमी झाली. पावसाळ्यात लावणीला ती पहिल्यांदाच सांजेपर्यंत वाकून टिकली, आणि बाजूच्या वाफ्यातली भागी तिच्याकडं चोरून बघत राहिली.

दिवाळीनंतर मंडळानं नवी यादी करायची ठरवली. फक्त बंद घरांची. या डोंगरातले लोक ज्या ज्या मळ्यात जातात तिथं जाऊन त्यांना गाठायचं, त्यांचं रक्त तिथं बघायचं, गोळ्या तिथं पोचवायच्या. पण कोण कुठल्या मळ्यात, कुठल्या विहिरीजवळच्या खोपटात, हे ना सरकारला ठाऊक ना भिकनला. ते फुलाबाईला ठाऊक होतं. तेव्हा ती वाट दाखवायला जीपमध्ये येणार असं ठरलं. रावजी आणि बाकीचे ट्रकनं पुढं गेले. फुलाबाईनं दाराला बोरीची फांदी लावली, नवं लुगडं नेसली आणि पुढच्या गादीवर चढून बसली. बर्फाची पेटी तिनं मागं ठेवायला लावली.

जीप निघाली, आणि दहा पावलांवर फुलाबाई म्हणाली, "थांबव."

भागीबाईच्या दाराला बोरीची फांदी आडवी लावलेली होती. नवी, हिरवी, आणि नेहमीपेक्षा दुप्पट जाड. भिकननं चष्मा वर केला, वही काढली. सोमा तर सकाळी रोपांवर जाताना त्यालाच भेटला होता. बरं, घर बंद, आणि छपरातून धूर निघत होता. आत कुणीतरी खोकला दाबला, तो न दबता शिंकेवाटे बाहेर आला.

"काय लिहू, मावशी?" भिकननं विचारलं.

"लिही. घर बंद, चूल चालू."

ती तिथून निघून गेली असती तर तिला कुणी बोललं नसतं. शिमग्यापासूनचं सगळं फिटलं असतं. तिनं ड्रायव्हरकडं पाहिलं, वाटेकडं पाहिलं. मग परत त्या फांदीकडं पाहिलं. ही बया आपल्या घरात आपणच परगावी जाऊन बसली होती, आणि फांदीला हात लावणारं दुसरं कुणी नव्हतं. संध्याकाळी सोमा आला असता तर तोही बाहेर उभा राहिला असता.

"भागे," तिनं जीपमधूनच हाक मारली, "तुझे काटे तूच काढ. अन् यायचं असंल तर मागं बस. पुढं मी हाय."

आत भांडं पडलं. फांदी हलली, अडकली, पुन्हा हलली. भागीबाई बाहेर आली ती केसांत काटे घेऊन, लुगडं फाटलेलं, आणि नवं पातळ बगलेत गुंडाळून तयार. ती मागं चढली आणि तिनं भिकनपुढं बोट धरलं. काटा चांगला खोल गेला होता. बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब उभा होता.

"घ्या," ती म्हणाली. "काढूनच आणलंय."

फुलाबाईनं मान वळवून तो थेंब नीट निरखून पाहिला. गोळ्या खाऊन खाऊन तिचं आता नऊवर आलं होतं. पण थेंब तिच्या रक्तापेक्षा तांबडा होता. पुष्कळच तांबडा. तिनं मान पुढं केली, आणि पार पिंपळगाव येईपर्यंत ती कुणाशी बोलली नाही.